मदत हवी आहे: मुक्तस्रोत संस्थेच्या घटनेतील सभासदत्वाचे कलम

नमस्कार. चादरीच्या जॅकार्ड नक्षीचा (छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या आधारे मागावर विणल्या जाणाऱ्या नक्षीचा) आलेख तयार करून त्यावरून ती कार्डे पाडण्याची फाइल देणारे एक सॉफ्टवेअर आम्ही सोलापुरातील काही जण जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली (कोणालाही वापरण्याची व बदलण्याची मुभा देणाऱ्या) विकसित करीत आहोत. ते कोणा एका कारखानदाराच्या तंत्राने चालू नये, म्हणून १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली संस्था नोंदवायची आहे. किमान सात सभासद सहज मिळतील. पेच घटनेच्या मसुद्यात आहे.

आम्हाला मिळालेल्या नमुना घटनेत वार्षिक वर्गणी भरणारा तोच सभासद आणि गणपूर्तीसाठी निम्मे सभासद प्रत्यक्ष हजर, अशी तरतूद आहे. कार्डांचा क्रम उलटा पडण्याची सर्वांत किचकट चूक ज्याने शोधून दुरुस्त केली, तो कोइमतूरचा तरुण या व्याख्येत बसतच नाही. अशा सर्वांना मताधिकार दिला तर सोलापुरातील सभेत गणपूर्ती होणार नाही. न दिला तर वर्गणी भरू शकणारे कारखानदारच बहुमतात येतील, आणि हे मला मुळीच मान्य नाही. ग्नोम या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पामागील संस्थेच्या, म्हणजे ग्नोम फाउंडेशनच्या, नियमांत संचालक मंडळावर एकाच कंपनीशी संबंधित व्यक्ती ४० टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे बंधन आहे. तसेच बंधन आम्ही घातले, तर सात जणांच्या कार्यकारी मंडळात एका कंपनीचे जास्तीत जास्त दोन.

उद्दिष्टांचे कलम पहिल्याच वेळी नीट लिहावे लागेल, कारण पुढे ते बदलायचे तर तीन पंचमांश मते आणि महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा लागते. शिवाय आयकराच्या दृष्टीने आमचे काम 'सर्वसाधारण लोकोपयोगी' ठरले, तर प्रशिक्षण वा देखभालीच्या शुल्कासारखी व्यावसायिक जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांतच ठेवावी लागेल. परदेशी देणग्या एफसीआरए (विदेशी अंशदान विनियमन कायदा) खालील नोंदणी वा पूर्वपरवानगी मिळेपर्यंत घ्यायच्या नाहीत, हे आम्ही ठरवले आहे.

धर्मादाय कार्यालयातील कामाचा अनुभव असलेल्यांना विनंती की, मतदार सभासद आणि योगदानकर्ते असे दोन वर्ग करून योगदानकर्त्यांना कार्यकारी मंडळावर राखीव जागा देणारी घटना कोणी मंजूर करून घेतली आहे का, हे कळवावे. मंडळातील प्रत्येक बदलाचा अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो, तेव्हा मुदत एक वर्षाऐवजी तीन वर्षे ठेवणे सोयीचे पडते का? आणि दूरदृश्य प्रणालीद्वारे झालेल्या सभेचे इतिवृत्त ग्राह्य धरले जावे, यासाठी कलमाची शब्दरचना कशी करावी?