सुट्टीआधीचा 'सत्र कसं गेलं' फॉर्म : खरं लिहायचं का?

खडूपूड (मंगळवार, रात्री ११.४०)

मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला, एका हायस्कूलमध्ये नववीला अल्जेब्रा शिकवते. हे दुसरं वर्ष. त्याआधी सांगलीला अनुदानित शाळेत नऊ वर्षं काढली आहेत, त्यामुळे सत्र संपतानाची धांदल मला नवीन नाही. नवीन आहे तो हा फॉर्म.

शुक्रवारी शाळा सुटली की दोन आठवडे सुट्टी. त्याआधी गुरुवारी दुपारी चारपर्यंत डिस्ट्रिक्टचा गूगल फॉर्म भरून द्यायचाय. (डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. जिल्हा परिषदेचा फक्त शिक्षण विभाग सुटा काढला, त्याला निवडून आलेलं स्वतःचं बोर्ड दिलं आणि घरपट्टीसारखा कर लावायची मुभा दिली, तर जे होईल ते.) प्रश्न चार. सत्रात काय जमलं, काय वेगळं केलं असतं, जानेवारीपासून कोणता आधार हवा, आणि मनात राहिलेला एक चांगला क्षण. वर बारीक अक्षरात : तुमचा ईमेल नोंदवला जाईल.

पहिले दोन भरले, चौथाही भरला. तिसऱ्यावर तीन रात्री अडकून बसलेय.

मला हवाय माझा ऑफ तास. बाकी काही नको. रोज पन्नास मिनिटं मिळतात, तिसऱ्या पिरियडला. त्यात पेपर तपासायचे, टाचण काढायचं, पालकांना फोन करायचे. पण कुणी रजेवर गेलं आणि सब, म्हणजे बाहेरून येणारा बदली शिक्षक, आला नाही (सोमवारी आणि शुक्रवारी तर येतच नाहीत), की सकाळी साडेसातला मेसेज येतो, 'कव्हर करशील का?' आणि शेवटी हसरा चेहरा. आपल्याकडे याला बदली तास म्हणायचे, आणि निदान ते रजिस्टर हातात घेऊन शिपाई यायचा तेव्हा त्याच्यावर डोळे तरी वटारता यायचे. गेल्या दहा शाळेच्या दिवसांत माझे चार तास असे गेले. एक कॉयरच्या, म्हणजे समूहगानाच्या, वर्गावर गेला. मुलं नाताळची गाणी घोळवत होती आणि मी पेपर तपासत होते. सहाव्या पेपरपाशी लक्षात आलं की मी तालात बरोबरच्या खुणा करत चाललेय आणि उत्तर सपशेल चूक आहे.

हेही एकवेळ चाललं असतं. पण माझ्याकडे एक मुलगा आहे, ६८ वर अडकलेला. इथे सत्तरच्या खाली नापास, आणि नापास झाला की खेळ बंद. १९८४ पासून राज्याचा कायदाच आहे तसा. त्याच्या कोचने कधी नव्हे ती उदारता दाखवली. माझ्या ऑफ तासाला त्याचा खेळाचा तास असतो, त्यातली वीस मिनिटं सोडायला तो तयार झाला. चार वेळा ठरलं, तीन वेळा मी दुसऱ्याच वर्गावर. तिसऱ्यांदा परत आले तर माझ्या बंद दारावर पिवळी चिठ्ठी : 'मिस, आलो होतो.' खाली एक समीकरण सोडवून ठेवलेलं. कंसाबाहेरचं उणे चिन्ह आत नेताना चुकलेलं, नेहमीसारखं.

आधाराच्या नावाखाली या आठवड्यात काय काय आहे ते सांगते. काल हॉट चॉकलेटची गाडी वर्गावर्गातून फिरली. आज जीन्स घालायची परवानगी. उद्या म्हणे दीर्घ श्वास कसा घ्यावा याची ईमेल. याला नावं ठेवत नाही. गाडी ढकलणारी पीटीएतली (पालक-शिक्षक संघातली) आई मला दर वेळी मार्शमेलो देऊ करते, मी त्यात जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं म्हणून नको म्हणते, आणि ती इतकी हळहळते की मलाच अपराधी वाटतं. नोव्हेंबरात मला ताप होता तेव्हा शेजारच्या वर्गातल्या बाईंनी न सांगता-विचारता माझी कॅफेटेरियाची ड्यूटी करून टाकली होती. माणसं चांगली आहेत. म्हणून तर लिहायला जड जातंय.

शिवाय माझा करार प्रोबेशनरी, एकेका वर्षाचा. पुढचं वसंतात ठरणार. नवरा म्हणतो, 'सगळं उत्तम, आभारी आहे' लिही आणि झोप. तुम्ही काय केलं असतं?

---

गोशवारा (बुधवार, सकाळी ७.०५, सातारा)

बाई, मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. अकरा वर्षं मुख्याध्यापक होतो, आता निवृत्त. आमच्या वेळी फॉर्म नव्हते. दिवाळीच्या सुट्टीआधी स्टाफ मीटिंग व्हायची, मी शेवटी विचारायचो, 'कुणाला काही अडचण?' आणि सगळे आपापल्या कपातल्या चहाकडे बघायचे. मी समजायचो, अडचण नाही.

एका वर्षी चित्रकलेच्या बाई उठल्या आणि बदली तासांचं रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. प्रत्येक पानावर माझीच सही. त्यांनी पेन्सिलीने मोजून ठेवलं होतं. त्या एका सत्रात त्यांच्या नावावर २३ तास. त्यांच्याखालोखाल दोघे जण, आणि बाकीच्यांचे दोन-दोन, तीन-तीन. मी रोज सही करत होतो, पण बेरीज कधी केली नव्हती. पर्यवेक्षक बिचारा जो नाही म्हणत नाही त्याच्याकडेच रजिस्टर पाठवायचा. मला त्या दिवशी लाज वाटली, राग आला नाही. चिडून बोलल्या असत्या तर बहुधा राग आला असता, हेही कबूल करतो.

तेव्हा आकडा लिहा, विशेषण लिहू नका. 'फार ताण आहे' हे वाचून अधिकारी मान डोलावतो. '१० दिवसांत ४' हे वाचून तो मोजायला लागतो.

जाता जाता : आमच्या शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारणाला जावंच लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने बाकीची बिगर-शैक्षणिक कामं बंद केली आहेत, कागदावर. तुमच्याकडेही असं एखादं कलम असेल, शोधा.

---

कोरडीभेळ (बुधवार, सकाळी ९.३०, न्यू जर्सी)

अगं, फॉर्म तरी आला तुला! मी स्पेशल एडमध्ये, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात, पॅरा (शिक्षिकेची मदतनीस) आहे. आमच्याकडेही असाच काहीतरी आलाय, पण फक्त सर्टिफाइड स्टाफला, म्हणजे शिक्षकीचा परवाना असलेल्यांना. मी ज्या वर्गात दिवसभर असते तिथल्या शिक्षिकेने माझ्यासमोर बसून भरला. मी तेव्हा एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होते, त्या दिवसातली सहाव्यांदा.

आणि सुट्टीचं म्हणशील तर आम्हाला तासावर पगार. शाळा बंद म्हणजे पगार बंद. 'विश्रांती घ्या, स्वतःला वेळ द्या' अशी ईमेल मात्र मलाही येते. गेल्या वर्षी मी तो वेळ एका दुकानात भेटवस्तू गुंडाळण्यात दिला.

खरं सांगू? माझ्या मते फॉर्ममध्ये लिहू नकोस. ते सगळं एका रंगीत तक्त्यात जातं आणि बोर्डाच्या मीटिंगला दोन मिनिटं दाखवतात. इथे युनियन आहे, मी प्रतिनिधीला सांगते आणि ती माझं नाव न घेता बोलते. तुमच्याकडे कुणी नाही का असं?

(आमचं सत्र अजून संपलेलंच नाही. दुसरा मार्किंग पिरियड जानेवारीअखेर संपतो, म्हणजे सुट्टीत गठ्ठे घरी. तुमचं डिसेंबरात आटोपतं याचा हेवा वाटतो.)

---

बायूकाठचा (बुधवार, दुपारी १.१५, ह्यूस्टन)

वरच्या काकांनी कलम शोधा म्हटलंय, ते आहे. टेक्सास एज्युकेशन कोड, २१.४०४. वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला दर दोन आठवड्यांत किमान ४५० मिनिटं तयारीला मिळाली पाहिजेत. टाचण, तपासणी, पालकांशी बोलणं, सगळं त्यात धरून. एकेक तुकडा ४५ मिनिटांहून लहान नको, आणि त्या वेळात दुसरं कुठलंही काम सक्तीचं करता येत नाही. शेजारच्याच कलमात अर्ध्या तासाचं निवांत जेवण आहे. दहा वर्षं विज्ञान शिकवल्यावर हे मला एका रिटायर होणाऱ्या सहकाऱ्याने सांगितलं, तेही पार्किंगमध्ये.

पण थांबा, लगेच कायदा फेकू नका. २०१५ पासून इथे 'डिस्ट्रिक्ट ऑफ इनोव्हेशन' नावाची पळवाट आहे. डिस्ट्रिक्ट एक योजना मंजूर करून घेतं आणि कोडमधल्या बऱ्याच कलमांतून स्वतःला मोकळं करतं. ती योजना त्यांच्या वेबसाइटवर असते. त्यात २१.४०४ आहे का ते आधी बघा.

भेळताई, युनियनचं म्हणाल तर इथे शिक्षकांच्या संघटना आहेत, पण शाळांना सामूहिक करार करायला कायद्याने बंदी आणि संपही बेकायदा. संघटना वकील देते, वाटाघाटी करत नाही. तरी ताई, सभासद नसाल तर व्हा.

आता हॉट चॉकलेटविषयी. ते स्वस्त आहे म्हणून मिळतं असं नाही, ते दुसऱ्याच्या खिशातून येतं म्हणून मिळतं. चॉकलेट पीटीएच्या पैशांतून, सबचा पगार शाळेच्या बजेटमधून. कोविडनंतर केंद्राकडून देशभरच्या शाळांना तीन हप्त्यांत सुमारे १९० अब्ज डॉलर आले होते. त्यातल्या शेवटच्या हप्त्याचा पैसा कशावर खर्चायचा ते ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पक्कं करायचं होतं. आमच्याकडे कायम इमारतीतच असणारे दोन सब त्या पैशांवर होते, ते गेले. राज्याकडून शाळांना मिळणाऱ्या निधीचा दर मुलामागचा मूळ आकडा २०१९ पासून ६,१६० डॉलरवर खिळलेला, २०२५ मध्ये वाढवला तो ५५ डॉलरने. तुमचे प्रिन्सिपल दुष्ट नसतील, त्यांच्याकडे साडेसातला पाठवायला माणूस नसेल. एवढं डोक्यात ठेवून लिहा, सूर आपोआप बरा लागेल.

आणि झोप लागत नसेल तर ईएपी (कर्मचाऱ्यांसाठीची मदत योजना) वापरा. समुपदेशनाची काही सत्रं मोफत असतात आणि कोण गेलं ते शाळेला कळत नाही. मी गेलो आहे. लाजण्यासारखं काही नाही.

---

खडूपूड (गुरुवार, दुपारी ३.५०)

दहा मिनिटं उरलीत, आत्ता पाठवला.

गणित करून बसले. पन्नास मिनिटांचे दहा तास म्हणजे ५००. एक तास गेला की बरोबर ४५०, कायद्याच्या काठावर. दुसरा गेला की कायदा मोडला. माझे चार गेले, उरले ३००. दीडशे मिनिटं कमी. बायूकाठचे दादा, योजनाही उघडून पाहिली. ४७ पानी पीडीएफ, वगळलेल्या कलमांत २१.४०४ नाही.

कलम नंबर मात्र लिहिला नाही. काकांचं ऐकलं, आकडाच लिहिला. तिसऱ्या चौकटीत गेलं ते असं : 'गेल्या दहा दिवसांत माझ्या तयारीच्या ५०० मिनिटांपैकी ३०० मिळाली. कव्हरची विनंती कुणाकडे किती वेळा गेली याची एक यादी स्टाफरूममध्ये लावता येईल का? माझ्या तासाला मी एका मुलाला शिकवणार होते, तो तीनदा परत गेला.' इंग्रजीत जरा गुळगुळीत दिसतंय, पण मजकूर हाच.

भेळ, तुझं वाचून थोडी वरमले. माझ्या पाचव्या पिरियडलाही एक पॅरा असतात, साठीच्या. त्यांना विचारलं, तर फॉर्म नाहीच आला. काय हवंय विचारलं, तर म्हणाल्या, 'कॉपी मशीनचा कोड.' दोन वर्षं त्या दुसऱ्याच्या कोडवर प्रती काढतायत आणि मशीन अडकलं की दोष त्या दुसऱ्याच्या नावावर जातो, म्हणून घाबरून एका वेळी दहाच काढतात. चौथ्या चौकटीतला माझा चांगला क्षण खोडला आणि तिथे हे लिहिलं. त्यांचं नाव घातलं नाही, त्यांनीच नको म्हटलं.

---

कोरडीभेळ (गुरुवार, संध्याकाळी ६.२०)

कॉपीचा कोड! अगदी, अगदी. आम्हाला स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये कप्पा नाही. आणि त्या मुलाचं काय झालं?

---

खडूपूड (शुक्रवार, रात्री ९.१५)

तो काल जेवणाच्या सुट्टीत आला. मी डब्यातली पोळी-भाजी खात होते, त्याने वास घेऊन विचारलं हे टाको आहे का. वीस मिनिटं फक्त उणे चिन्ह केलं, दुसरं काही नाही. आज परीक्षेत ७४ आले, पण सत्राची सरासरी ६९. कोचचं तोंड पडलं. दोन्ही सत्रांची सरासरी सत्तर आली तर क्रेडिट (विषय पूर्ण केल्याची नोंद) मिळतं, म्हणजे पुढच्या सत्रात ७१ हवेत. हे गणित त्याने स्वतः केलं, बरोबर.

प्रिन्सिपलचंही उत्तर आलं, शाळा सुटता सुटता. मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार, यादीची कल्पना आवडली, जानेवारीत निवांत बसून बोलू. सोबत कॅलेंडरचं आमंत्रण. सुट्टीनंतरचा पहिला मंगळवार, तिसरा पिरियड.