ग्रामसभेत मतदार नसलेल्याला बोलू द्यावं का?

सातपुड्याच्या पायथ्याहून (चोपडा तालुका)
15 ऑगस्टच्या ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला. मळ्यातल्या वस्तीवरचा एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतमजूर, उठला. पावरा आदिवासी. हातपंप बंद पडलाय, बायका शेतातल्या विहिरीवरून पाणी शेंदून आणतात, एवढंच सांगत होता. मागून एकजण ओरडला, "तुनं नाव यादीमा शे का?" त्याला बसवलं. हातपंपाचा विषय तिथेच संपला.

मला हे साफ चुकीचं वाटतं. गावाच्या मतदार यादीत नाव असलेली माणसं म्हणजे ग्रामसभा, हे राज्यघटनेच्या 243व्या अनुच्छेदात आहे. ठराव त्यांनीच करावा. पण बोलणं वेगळं आणि मत देणं वेगळं. राज्याचा महाधिवक्ता, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, आमदार नसला तरी 177व्या अनुच्छेदानुसार विधानसभेत बोलू शकतो, मत मात्र देऊ शकत नाही. विधानसभेला जे चालतं ते आपल्या चावडीला का चालू नये?

गिरणाकाठचा
भाऊ, सालदाराचं वाईट वाटतं. पण दार उघडलं की कोण आत शिरतं ते मी पाहिलंय. आमच्याकडे वाळू उपशाच्या ठरावाला शेजारच्या गावांतले ट्रॅक्टरवाले आले. पुढे तेच बसले, माईकही त्यांच्याच हातात. ज्यांच्या विहिरी आटल्यात ते शेतकरी मागे उभे राहिले आणि न बोलता घरी गेले. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला, 15 टक्के किंवा 100 मतदार, यात जो आकडा कमी तो लागतो, आणि तेवढेही जमवताना नाकी नऊ येतात. अशा सभेत बाहेरचे वीस जण आले तर सभा त्यांचीच झाली. यादी हेच आमचं कुंपण आहे.

पारोळ्याची सून
माझं नाव अजून माहेरच्या यादीत आहे. महिला सभेत मी अंगणवाडीबद्दल बोलले, कुणी अडवलं नाही. मुख्य सभेत तोच मुद्दा काढला तर "ताई, तुम्ही बसा". मी बाहेरची कशी?

निवृत्त ग्रामसेवक
ताई, नमुना 8 भरा, यादीतला पत्ता बदलायचा अर्ज. गावात राहणाऱ्या सालदारानेही भरावा, नाव कुठल्याच यादीत नसेल तर नमुना 6. नियम वाकवण्यापेक्षा नाव लावणं सोपं. सभेत बोललेल्यांची नावं इतिवृत्तात येतात. उद्या ठरावावर कुणी तक्रार केली तर उत्तर ग्रामसेवकाला द्यावं लागतं.

सातपुड्याच्या पायथ्याहून
आप्पा, सालदाराचं साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं. पुढच्या आखाजीला मालक बदलला की मळा बदलतो, कधी गावही. नाव लागेपर्यंत पत्ता मागे पडलेला असतो, आणि पाणी त्याला रोज लागतं.

गिरणाकाठचे दादा, तुमची भीती खरी आहे. म्हणून म्हणतो, जो गावात राहतो त्यालाच बोलू द्या, आधी मतदारांचं होऊ द्या, गणपूर्तीत त्याला धरू नका आणि इतिवृत्तात 'मतदार नाही' असं लिहा.

गिरणाकाठचा
गावात राहतो हे ठरवणार कोण? सरपंचच ना? आमच्याकडे त्या ट्रॅक्टरांतला एक सरपंचाच्याच घरचा होता. त्यापेक्षा मळ्याच्या मालकाने सालदाराचं म्हणणं मांडावं. तो तर मतदार आहे.

सातपुड्याच्या पायथ्याहून
मालक सभेतच होता, दादा. पंप बंद आहे म्हणजे वस्तीला त्याच्या विहिरीचं पाणी द्यावं लागणार. त्याची मोटर किती वेळ चालते, बायकांना कधी हाकलतात, हे तो सभेत उठून कशाला सांगेल?