मदत हवी आहे: ऑनलाइन सेक्स थेरपीत नेमकं काय होतं?

नमस्कार. नेहमीच्या आयडीने लिहायचा धीर झाला नाही, म्हणून हा नवा आयडी. ॲडमिन, कृपया धागा उडवू नका.

माझं वय २९, नवऱ्याचं ३२. लग्नाला सव्वादोन वर्षं झाली आणि आमच्यात अजून पूर्ण संबंध आलेला नाही. प्रेम आहे, ओढही आहे. पण ती वेळ आली की माझं अंग खालून आवळून येतं, मांड्या आपोआप मिटतात आणि मला रडू फुटतं. तो लगेच थांबतो. हल्ली तर महिना-महिना आम्ही प्रयत्नच करत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी "कुठेतरी फिरून या दोघं, होईल सगळं" म्हणून पाठवून दिलं. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र घाई न करता तपासलं. रचनेत दोष नाही, जंतुसंसर्ग नाही, याला व्हजायनिस्मस म्हणतात, सेक्स थेरपिस्टना भेटा, असं त्यांनी सांगितलं. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. इथे एसटी स्टँडमागच्या भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती सोडल्या तर या विषयातलं काही नाही. म्हणून पुण्याच्या एका बाईंची ऑनलाइन वेळ घेतलीय, येत्या गुरुवारी संध्याकाळी ७ ला.

आता पोटात गोळा आलाय. कॅमेऱ्यासमोर काही दाखवावं लागतं का? दोघांनी एकत्रच बसायचं असतं का? घरी सासू-सासरे आणि दीर आहेत, भिंतीपलीकडचा खोकलाही ऐकू येतो. मग बोलायचं कुठे? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मला या गोष्टी मराठीत बोलताच येत नाहीत. जे शब्द माहीत आहेत ते एक तर शिव्या आहेत, नाही तर जीवशास्त्राच्या पुस्तकातले. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा ना.

सोनचाफा
आधी एक घट्ट मिठी. मी यातून गेलेय. आमची साडेतीन वर्षं गेली होती, तुमची सव्वादोनच झालीत.

कॅमेऱ्यासमोर काहीही दाखवायचं नसतं. कपडे काढायला किंवा काही करून दाखवायला कुणी सांगितलं, तर त्याच क्षणी फोन बंद करा. ती थेरपी नव्हेच. थेरपीत बोलणं असतं, आणि घरी करायचा अभ्यास असतो. बस.

आमचं पहिलं सत्र जवळजवळ तासभर चाललं आणि त्यात नुसते प्रश्न होते. पाळी आली तेव्हा घरात काय सांगितलं होतं, टॅम्पॉन किंवा कप कधी वापरून पाहिला का, कुठली औषधं चालू आहेत का, लहानपणी कुणी नकोसा हात लावला होता का. शेवटच्या प्रश्नाला मी गप्प बसले. त्या म्हणाल्या, "आज नाही सांगितलंत तरी चालेल." मी ते चौथ्या सत्रात सांगितलं.

शब्दांचं म्हणाल तर मीही तिथेच अडले होते. त्यांनी विचारलं, "लहानपणी तुमच्या घरी त्या भागाला काय म्हणायचे?" मी म्हटलं, "शूची जागा." मग पुढचे दोन महिने आम्ही दोघी गंभीरपणे 'शूची जागा' म्हणत होतो. 'योनी' हा शब्द माझ्या तोंडात आपोआप आला तो खूप नंतर, आणि त्या दिवशी मला फार मोकळं वाटलं. त्यामुळे शब्द जमवून जायची गरज नाही, अडखळत बोला.

दुसरी_पाळी
नवऱ्याच्या बाजूने लिहितो. आमच्या थेरपिस्टनी सुरुवातीलाच सांगितलं की काही आठवडे संबंधाचा प्रयत्न पूर्ण बंद. मला आधी राग आला, इतकी वर्षं बंदच तर होतं! पण प्रयत्न होणारच नाही हे पक्कं ठरल्यावर बायको माझ्या जवळ न बिचकता झोपायला लागली. मग रोज १५ मिनिटं एकमेकांच्या पाठीला, हातांना, केसांना स्पर्श करायचा, छाती आणि खालचा भाग वगळून. आपल्याला काय जाणवतंय इकडे लक्ष द्यायचं, समोरच्याला खूश करायचं नाही. पुढचे टप्पे सावकाश येतात. त्यात डायलेटर येतात, म्हणजे क्रमाने जाड होत जाणाऱ्या गुळगुळीत नळ्या, पहिली साधारण करंगळीएवढी. बायको त्या स्वतः, तिच्या वेगाने, भरपूर जेल लावून वापरते. मी फक्त शेजारी बसायचो.

एक सत्र माझ्या एकट्याचंही झालं. एकट्याने सांगितलेलं जोडीदाराला कळेल का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. प्रत्येकाची पद्धत वेगळी असते.

निळाई
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणून दोन कोरड्या पण कामाच्या गोष्टी. 'सेक्सॉलॉजिस्ट' अशी पाटी कुणीही लावतं, त्यामुळे नोंदणी क्रमांक मागा. मागायला अजिबात संकोचू नका, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. डॉक्टर असतील तर मेडिकल कौन्सिलचा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा). औषध फक्त डॉक्टरच लिहू शकतात. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरांनी ऑनलाइन चिठ्ठीवरही आपला नोंदणी क्रमांक द्यायचा असतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर अपवाद. रेकॉर्डिंग होणार नाही हे स्पष्ट विचारून घ्या.

पडद्यावरून शारीरिक तपासणी होत नाही. ती तुमची आधीच झालीय, हे फार बरं झालं. दुखणं नव्याने वाढलं, स्राव किंवा रक्त दिसलं, तर पुन्हा त्याच डॉक्टरबाईंकडे जा.

मराठीत या गोष्टी बोलण्याबद्दल: र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकातून वाचकांच्या अशाच प्रश्नांना मराठीतच उत्तरं देत होते, १९२७ ते १९५३. त्या उत्तरांपायी त्यांच्यावर १९३४ साली खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. तुम्ही विचारलंत ते अगदी योग्य ठिकाणी आणि योग्य भाषेत विचारलंत.

सोनचाफा
जागेचं राहिलंच. आम्ही गाडीत बसायचो. इअरफोन, चार्जर, पाण्याची बाटली न्या. रेंज आधी जाऊन तपासा.

धागाकर्ती (गुरुवार, रात्री ११:४०)
झालं! बाजार समितीच्या मागे गाडी लावली, काचा वर. दोनदा नेट गेलं. आधी नोंदणी क्रमांक विचारला, बाईंनी हसून लगेच सांगितला.

मला वाटलं होतं मीच बोलेन, पण आधी तो बोलला. म्हणाला, "मी हिला त्रास देतोय असं वाटतं, म्हणून मी जवळ जायचंच सोडलं." सव्वादोन वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, मी त्याला नकोशी झालेय. बाईंनी आम्हाला थोडा वेळ तसंच बसू दिलं.

अभ्यास तोच, तीन आठवडे प्रयत्न बंद आणि रोज १५ मिनिटं हात-पाठ. पुढचं सत्र दोन आठवड्यांनी. घरी आलो तर सासूबाईंनी विचारलं, एवढा वेळ कुठे होतात? तो म्हणाला, "हिला जरा फिरवून आणलं."

बाईंनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपिस्टकडेही जायला सांगितलंय. सांगली-कोल्हापूर भागात हे काम करणाऱ्या बाई कुणाला माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी जाता येईल.