मदत हवी आहे: वॉरियर विदिनमध्ये डहाकापासून सुटताच येत नाही, पुढे खेळू की सोडून देऊ?

तापीकाठ:
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. बहीण आखाजीला माहेरी आलीये, भाचा सोबत आहे, दोघांनी मिळून प्रिन्स ऑफ पर्शिया या गेमचा पहिला भाग सॅन्ड्स ऑफ टाइम संपवला आणि पोरगा इतका खूश झाला की लगेच दुसरा भाग लावला, वॉरियर विदिन. आणि आता अडकलोय. तो डहाका नावाचा राक्षस मागे लागतो आणि दर वेळी त्याच जागी धरतो. पहिल्या भागात अडकलं तर चारी बाजूला बघायचं, कुठेतरी कडा नाहीतर खांब दिसायचा, रस्ता सापडायचा. इथे बघायला वेळच देत नाहीत. कोणाकडे तिथून पुढची सेव्ह फाइल असेल तर द्या. आणि खरं सांगा, हा भाग पूर्ण करण्यासारखा आहे का, की सरळ तिसरा टू थ्रोन्स लावू? भाचा रविवारी सुरतला परत जाणार आहे.

भुसावळ_जंक्शन:
कुठला डहाका भाऊ? तो खेळभर मागे लागतो. बेटावर उतरल्यानंतरचा पहिला पाठलाग का पुढचा एखादा? कॉम्प्युटर का प्लेस्टेशन टू? कीबोर्ड का कंट्रोलर? तू जागाच सांगितली नाही तर फाइल कुठली देणार.

जुना_खेळाडू_धुळे:
माझं ऐकाल तर हे दोन्ही बाजूला ठेवा आणि मुलाला मूळचा 1989 चा प्रिन्स ऑफ पर्शिया दाखवा. जॉर्डन मेकनर नावाच्या माणसाने बनवला, आधी ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरवर आला. त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढून राजपुत्राची हालचाल तयार केली. म्हणून ती उडी आजही खरी वाटते. 60 मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, नाहीतर संपलं. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सर जेवायला गेले की आम्ही हेच खेळायचो. खरा खेळ तो.

तापीकाठ:
काका तो पण दाखवीन पण माझा प्रश्न डहाकाचा आहे.
कॉम्प्युटरवरच खेळतोय, कीबोर्डने. जागा म्हणजे लांब बोळ आहे, मधे फरशी तुटलेली, भिंतीवरून पळत पलीकडे जायचं, आणि नेमकं तेव्हाच कॅमेरा गर्रकन फिरतो आणि मागून येणारा डहाका समोर दिसायला लागतो. मी तेच बटण दाबून ठेवतो तरी प्रिन्स भलतीकडेच वळतो.

चोपडेकर:
भाऊ, तेले पानी चालत नही. पानीना पडदा दिसना का त्याना पार निंघी जाय, तठे तो थांबी जास. मन्हा पोर्‍यानी तसंच करं.

भुसावळ_जंक्शन:
चोपडेकर बरोबर सांगताय, डहाकाला पाणी ओलांडता येत नाही, म्हणून पाठलागाचा शेवट बहुतेक पाण्यापाशीच होतो. पण याची अडचण पाण्यापर्यंत पोचायचीच आहे ना.

तापीकाठ, गडबड कॅमेऱ्याची आहे. या खेळात दिशा कॅमेऱ्याच्या हिशोबाने चालतात. कॅमेरा मागे असताना पुढचं बटण म्हणजे प्रिन्सला पुढे, पण तोच कॅमेरा समोर आला की प्रिन्स तुझ्याकडे तोंड करून पळत असतो, मग तेच बटण त्याला उलटं डहाकाकडे नेतं. कंट्रोलरच्या दांडीने हे हळूहळू वळवता येतं, कीबोर्डवर मात्र कॅमेरा फिरला की दुसरं बटण धरावं लागतं. पहिल्यांदा मरायचंच असं समज, फक्त कॅमेरा कुठे फिरतो ते बघ. मग त्या जागेच्या जरा आधी बोट तयार ठेव. आणि वाळू, म्हणजे वेळ मागे फिरवायची शक्ती, शिल्लक असेल तर वेळ मागे घे, पाठलागातही मागे घेता येते. लोक घाबरून ते विसरतात आणि पहिल्यापासून सुरू करतात.

केळीबाग_रावेर:
आवाज अडखळतो का तुमच्याकडे? माझ्याकडे वॉरियर विदिनचा आवाज तुटायचा, टास्क मॅनेजरमध्ये जाऊन गेम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालवला तेव्हा नीट झाला. जुने गेम नव्या मशीनवर असे त्रास देतात.

तापीकाठ:
आवाज बरोबर आहे. पण दुपारी गेम अडखळतो, संध्याकाळी नाही.

केळीबाग_रावेर:
मग ती गरमी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, कॉम्प्युटरचा डबा भिंतीला चिकटून ठेवला असेल तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. डबा पुढे ओढा, बाजूचं झाकण काढा, पंख्याची धूळ झटका.

चोपडेकर:
मी तर कूलर सरळ कॉम्प्युटरवर सोडतो.

केळीबाग_रावेर:
असं अजिबात करू नका हो! कूलरची हवा ओली असते, आत धूळ बसलेली असली की चिखल होतो मदरबोर्डवर. कूलर खोलीत चालू द्या पण तोंड दुसरीकडे, आणि खिडकी उघडी पाहिजे नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो.

चोपडेकर:
दोन उन्हाळे असंच चालवतोय, काही झालं नाही.

गिरणाकाठची:
कूलरचा वेगळा धागा काढा ना. दादांनी विचारलंय की दुसरा भाग पूर्ण करण्यासारखा आहे का, त्यावर कोणी बोलतच नाहीये.

मी दोन्ही पूर्ण खेळलेय आणि माझ्यासाठी पहिलाच मोठा. 2003 चा खेळ आहे पण त्याची गोष्ट अजून डोक्यात आहे. सुरुवातच बघा, प्रिन्स आणि त्याच्या वडिलांचं सैन्य भारतातल्या एका महाराजाचा महाल लुटतं, तिथून तो वेळ मागे फिरवणारा खंजीर मिळतो, आणि फराह म्हणजे त्याच महाराजाची मुलगी, कैद करून नेलेली. म्हणजे जो नायक आहे तोच तिच्या घराचा लुटारू आहे, आणि दोघांना एकत्र चालावं लागतं. ती भिंतीतल्या फटीतून पलीकडे जाते, बाण मारते, मधूनमधून दोघं भांडतात, हळूहळू आवाज बदलतो दोघांचा. संवाद ऐकण्यासाठी मी मुद्दाम हळू चालायचे. आणि आपण पडून मेलो की प्रिन्स म्हणतो, नाही नाही असं झालंच नव्हतं, कारण तो ही सगळी हकिगत कोणालातरी सांगतोय. कोणाला ते शेवटी कळतं तेव्हा मी खरंच गप्प बसून राहिले होते. दुसऱ्यात फराह नाही, ते बोलणं नाही, प्रिन्स सतत चिडलेला, त्याचा आवाजसुद्धा दुसऱ्या कलाकाराचा. आणि मेकनर दुसऱ्या भागाच्या कामात नव्हतेच, ते जाणवतं.

भुसावळ_जंक्शन:
ताई गोष्टीचं पटतं. पण पहिल्या भागातली मारामारी आठवा. शत्रूच्या डोक्यावरून उडी मारायची, मागून वार, खाली पडला की खंजीर खुपसून वाळू ओढायची, नाही ओढली तर तो परत उभा. पुढे पुढे तेच तेच करून कंटाळा येतो. 2004 मध्ये दुसरा आला तेव्हा डाव्या हातात दुसरं शस्त्र घेता येतं, फेकता येतं, शत्रूचंच हिसकावता येतं, खांबाला धरून गोल फिरत वार करता येतो. आणि एकच किल्ला दोन काळांत! आत्ताच्या काळात पडका, भूतकाळात धडधाकट, आणि रस्ता या काळात बंद असेल तर त्या काळात जाऊन उघडायचा. पहिला भाग सरळ एका रेषेत पुढे जातो, त्यात असं काही नाही.

आणि प्रिन्स चिडलेला का आहे? सात वर्षं तो डहाका त्याच्या मागावर आहे. माणूस हसत कसा राहील.

गिरणाकाठची:
चिडायला हरकत नाही, पण त्याच्यावर तो सगळा धांगडधिंगा कशाला? गॉडस्मॅक नावाच्या बँडचं रॉक वाजतं. पहिल्या भागाच्या संगीतात पर्शिया ऐकू यायचा. आणि त्याच किल्ल्यात मागे-पुढे इतकं फिरवतात की बाग असलेला मनोरा कुठे आणि यंत्रांचा कुठे हे लक्षात ठेवता ठेवता जीव जातो.

बरं तापीकाठ दादा, भाचा केवढा आहे?

तापीकाठ:
चौथीतून पाचवीत गेलाय.

गिरणाकाठची:
मग त्याला हा भाग दाखवू नका. पहिला अमेरिकेत वयाच्या वर्गवारीत टीन, म्हणजे किशोरांसाठी, म्हणून आला होता, दुसरा मॅच्युअर, म्हणजे 17 वर्षांच्या पुढे. मुंडकी उडतात, बायकांचे कपडे तसले. तुमच्या बहिणीने बघितलं तर तुमच्यावरच चिडेल.

चोपडेकर:
आजकालची पोरं मोबाईलवर याच्यापेक्षा जास्त बघतात.

गिरणाकाठची:
बघतात म्हणून आपण हाताने द्यायचं का? मी पाचवीच्या वर्गाला शिकवते, कोणतं पोरगं रात्री काय बघून आलंय ते सकाळी चेहऱ्यावर कळतं.

भुसावळ_जंक्शन:
हे मात्र ताईंचं बरोबर आहे. दुसरा भाग मला कितीही आवडत असला तरी त्या वयाच्या पोरासाठी नाही.

जुना_खेळाडू_धुळे:
म्हणून तर 1989 चा म्हणत होतो. पण त्यातही खाली टोकदार सळ्या आहेत, ते सांगून ठेवतो.

तापीकाठ:
निघालो एकदाचा!! जंक्शन भाऊ कॅमेऱ्याचंच होतं. त्या वळणाच्या आधीच बोट दुसऱ्या बटणावर ठेवलं, एकदा पडलो तर वेळ मागे घेतली, आणि पाण्याच्या पडद्यातून पार. चोपडेकर भाऊ तुमचंही खरं, पलीकडे नुसता उभा राहिला डहाका. डबा भिंतीपासून पुढे ओढला तर दुपारचं अडखळणंही कमी झालं.

भाचा झोपल्यावर खेळलो हे. ताईंचं वाचून बहिणीला विचारलं तर तिने साफ नाही म्हटलं, त्यामुळे त्याच्यासोबत आता पहिलाच भाग परत लावतोय, या वेळी कीबोर्ड त्याच्या हातात. तो म्हणतो फराहला भिंतीतून जायला मी सांगणार.

आता मी एकटाच वॉरियर विदिन पुढे नेणार आहे. जाता जाता एक सांगा, मधे एक बाजूचा बोळ लागला, सगळा सापळ्यांनी भरलेला, शेवटी आयुष्याची पट्टी वाढली. हे सगळे शोधायलाच पाहिजे का?

भुसावळ_जंक्शन:
पाहिजेच. असे एकूण 9 आहेत. सगळे मिळाले तरच शेवटी पाण्याची तलवार मिळते आणि खेळाचा दुसरा शेवट उघडतो, आणि 2005 चा टू थ्रोन्स त्याच दुसऱ्या शेवटापासून पुढे सुरू होतो. म्हणून तिसऱ्यावर थेट उडी मारू नको. काही बोळ भूतकाळात आहेत, काही आत्ताच्या काळात, त्यामुळे मनोरा सोडायच्या आधी दोन्ही काळांत फिरून घे. सेव्ह कारंज्यावर पाणी प्यायल्यावरच होते, तेव्हा एकाच जागेवर करत बसू नको, प्रत्येक मोठ्या टप्प्याला वेगळी जागा वापर.

गिरणाकाठची:
आणि इथे शेवट काय आहे ते कोणी फोडू नका, तापीकाठ दादांचं व्हायचंय अजून.

केळीबाग_रावेर:
चोपडेकर, कूलरचं तोंड वळवलं का?