कुलाबा स्टेशन – घरातल्या मोठ्यांकडून काय ऐकलंय?

परवा मेट्रो ३ ने कफ परेडला उतरले आणि जिना चढून वर येईपर्यंत गळा दाटून आला. आजोबा सांताक्रूझहून रोज लोकलने कुलाब्याला जायचे, हो, कुलाब्याला, तेव्हा गाडी चर्चगेटच्या पुढे जायची. बॅकबेच्या भरावाच्या कामात ती जमीन गेली आणि ३१ डिसेंबर १९३० ला स्टेशन बंद. विजेची गाडी जानेवारी १९२८ मध्ये आली, कुलाबा ते बोरिवली, म्हणजे तिथे पुरती तीन वर्षंही धावली नाही. आजोबांच्या पत्र्याच्या डबीत एक तिकीट आहे, जाड पुठ्ठ्याचं, कडेला टीसीने चिमटा मारलेला, शाई उडालीये पण बोटाने तिरकं धरलं की कुलाबा वाचता येतं. आता रूळ परत तिकडे गेलेत, जमिनीखालून. आजोबांना सांगायला हवं होतं असं सारखं वाटतंय. तुमच्याकडचं लिहा ना.

निवृत्त_मोटरमन: बीबीसीआयचं, म्हणजे आताच्या पश्चिम रेल्वेच्या आधीच्या कंपनीचं, टर्मिनस ते, पक्की इमारत १८९६ ची. फ्रंटियर मेल १ सप्टेंबर १९२८ ला पहिल्यांदा तिथूनच सुटली पेशावरला. मग १८ डिसेंबर १९३० ला बॉम्बे सेंट्रल सुरू झालं आणि लांबच्या गाड्या तिकडे. चर्चगेटला बफरपाशी गाडी उभी केली की मला दरवेळी वाटायचं, रूळ इथे संपायला नको होते.

गिरगावची_पोर: आजी सांगायची मरीन लाइन्सला गाडीच्या खिडकीतून समुद्र अगदी लागून दिसायचा, मरीन ड्राइव्ह नव्हताच ना, पावसाळ्यात तुषार आत यायचे म्हणे. कुकर झालाय, येते परत

बंदरावरचा: पणजोबा कुलाब्याला कापसाच्या वखारीत मुकादम. गाठी थेट रेल्वेने यायच्या. नंतर कापूसबाजारच शिवडीला हलला, तिकडचं कॉटन ग्रीन स्टेशन ते त्यावरूनच. पणजोबांनी बिऱ्हाडही हलवलं, म्हणून आम्ही काळाचौकीकर!

पेणकर: आमच्याकडे कुलाबा म्हणजे जिल्हा, अलिबागचा किल्ला. १९८१ ला रायगड नाव झालं तरी मामा कितीतरी वर्षं पाकिटावर जि. कुलाबा लिहायचा, पत्र पोचायचं पण

गिरगावची_पोर: @पेणकर आमच्याही मावशीचा पत्ता तोच!! पेणचे पापड कोणाकडून घेता?

पेणकर: व्यनि (खाजगी निरोप) करतो

शाळासोबती: स्टेशन होतं तिथे आता बधवार पार्क, रेल्वे अधिकाऱ्यांची क्वार्टर्स. मैत्रीण राहायची, आम्ही तिथे लपंडाव खेळलोय आणि पायाखाली प्लॅटफॉर्म होता हे चाळिशीत कळलं. एक पाटी तरी लावायला हवी हो, मनापासून वाटतं. समोरच मच्छीमारनगर, संध्याकाळी ताजे बोंबील मिळायचे, तसे परत कुठे खाल्ले नाहीत

बंदरावरचा: बोंबील दाबून घ्यायचे आधी, पाट्याखाली अर्धा तास, मग रवा

शाळासोबती: आमच्याकडे तांदळाचं पीठ. आई रव्याला हात लावू द्यायची नाही

गिरगावची_पोर: आले. तिकिटाचा फोटो टाका ना ताई, आजीला दाखवता आला असता तर…

धागाकर्ती: डबी माळ्यावर आहे, रविवारी लेक येईल तेव्हा काढून घेते आणि टाकते. मोटरमनकाका, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.