विषय: हाव्होचा सल्ला आला, युनिव्हर्सिटी गेली का?

नमस्कार मंडळी,
लेक इथे नेदरलँड्समध्ये ग्रुप आठमध्ये, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात आहे. शाळेने पुढे हाव्होला (थेट विद्यापीठात न नेणारी माध्यमिक शाखा) जाण्याचा तात्पुरता सल्ला दिलाय. पुण्याहून आजी-आजोबा रोज विचारतात, "म्हणजे आता इंजिनिअरिंग नाही?" खरंच दार बंद झालं का? आणि भाचा बी.ई. करतोय, त्याला इथल्या डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्स करायचंय. त्याला काय सांगू?
— आइंडहोवनची एक आई

ताई,
आधी भाच्याचं. मास्टर्स दोन वर्षांचं, १२० क्रेडिट्स. २०२५-२६ साठी सरकारी फी वर्षाला २,६०१ युरो आहे, पण ती मुख्यतः युरोपीय नागरिकांसाठी. त्याला कित्येक पट जास्त पडेल. खोली मिळणं प्रवेशापेक्षा अवघड, तेव्हा शोध आत्ताच सुरू करू दे. पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो.

आता लेकीचं. अजून डोरस्ट्रोमटूट्स, म्हणजे ग्रुप आठची चाचणी परीक्षा व्हायचीय ना? तिचा निकाल सल्ल्यापेक्षा वरचा आला, तर शाळेने सल्ला वाढवायचा असतो; नाही वाढवला तर कारण द्यावं लागतं. तेव्हा शांतपणे शाळेशी बोला.

आणि हाव्होच राहिलं तरी काय बिघडलं? पाच वर्षांनी होखेस्खोल (व्यावसायिक उच्चशिक्षणाचं कॉलेज), तिथे चार वर्षांची पदवी. पहिलं वर्ष पूर्ण झालं की विद्यापीठाच्या बॅचलरला अर्ज करता येतो. मात्र इंजिनिअरिंगसाठी व्हेवेओच्या (थेट विद्यापीठात नेणारी माध्यमिक शाखा) पातळीचं गणित आणि फिजिक्स दाखवावं लागतं. म्हणून हाव्होच्या तिसऱ्या वर्षी प्रोफाइल (विषयांचा गट) निवडताना 'नातूर एन टेक्निक' (निसर्ग आणि तंत्रज्ञान) घेईल याकडे लक्ष ठेवा, त्यात विस्कुंडे बी, म्हणजे इंजिनिअरिंगला लागणारं गणित असतं. किंवा पूर्ण पदवी घेऊन प्रीमास्टर (मास्टर्सआधीचा पूरक अभ्यासक्रम) करून मास्टर्सला जाता येतं.

मला मनापासून वाटतं, आपण होखेस्खोलला उगाच दुय्यम मानतो. विद्यापीठात संशोधनाच्या अंगाने शिकवतात. होखेस्खोलमध्ये मुलं कंपनीत महिनोन्‌महिने स्टाज (इंटर्नशिप) करतात, खऱ्या कामावर प्रोजेक्ट करतात. हाताने करून शिकणाऱ्या मुलीला बाराव्या वर्षी व्हेवेओत ओढत नेलं, तर तिचा अभ्यासातला आनंदच जाईल. तुम्ही तिला ओळखता. ती कशी शिकते ते बघा, नातेवाइकांचे फोन नंतर.

आजी-आजोबा इकडे आले की त्यांना तुमच्या आइंडहोवनच्या फॉन्टिस होखेस्खोलच्या ओपन डेला घेऊन जा. वर्कशॉपमध्ये मुलं काय बनवतात ते त्यांनाच बघू दे.
— आमस्टलफेनची मावशी