स्पर्धा परीक्षा : थांबायचं कधी, हे तुम्ही कसं ठरवलंत?

परवा नांदेडहून भाच्याचा फोन आला. "मामा, पूर्व परीक्षा परत दोन मार्कांनी गेली. अजून एक वर्ष देऊ का?"

मला लगेच उत्तर देववलं नाही. २०१६पासून दर निकालानंतर मी स्वतःला हेच विचारत होतो आणि उत्तरही ठरलेलं असायचं : अजून एक.

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन राहायचो. सकाळी सातला अभ्यासिका, रात्री अकराला खोली. दोनदा एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा दिली, मुलाखतीपर्यंत पोचलो नाही. मग ५ एप्रिल २०२०ला ठरलेली पूर्व परीक्षा पुढे जात जात २१ मार्च २०२१ला झाली. त्या मधल्या काळात गावी होतो. एका दुपारी जुन्या वहीच्या मागच्या पानावर मी पूर्वचे सगळे मार्क वर्षवार मांडले. पहिली तीन वर्षं ते चढत गेले होते, नंतर जिथल्या तिथे. तास वाढले, पुस्तकं वाढली, मार्क हलले नाहीत. त्या पानाकडे बघून ठरवलं की आता ठरलेली पूर्व द्यायची आणि निकाल काहीही लागो, सोबत काम शोधायचं. ती परीक्षाही गेली. आज एका शेतकरी उत्पादक कंपनीत खरेदी आणि हिशेब बघतो.

पण भाच्याला माझं एकट्याचं सांगून भागणार नाही. कुणी थांबलं असेल, कुणी थांबलं नसेल. कशावरून ठरवलंत, घरी काय सांगितलंत, पुढे काय केलंत, जसं घडलं तसं लिहा. ज्यांना पद मिळालं त्यांनीही लिहा.

*

मी परभणीची. मला मुदत घरच्यांनीच घालून दिली होती : दोन वर्षं, नाहीतर लग्न. ती मुदत माझी नव्हती, त्यामुळे माझी निम्मी ताकद तिच्याशी भांडण्यात गेली. शेवटी मावशी मध्ये पडली. वडिलांना गप्प बसवून मला म्हणाली, "आता तू सांग, तुला किती दिवस हवेत आणि तोवर नाही झालं तर काय करशील?" दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. खरं तर तोच प्रश्न महत्त्वाचा होता.

मग बँकेचे फॉर्म भरायला लागले. हा वेगळाच अभ्यास. क्लार्कच्या पूर्वला एका तासात शंभर प्रश्न, त्यात इंग्रजी. मला संथ, खोल वाचायची सवय, त्यामुळे पहिल्या वेळी निम्मा पेपरही झाला नाही. सहा महिने रोज घड्याळ लावून बसले आणि दुसऱ्या वेळी लागले.

राज्यसेवेचं काय कामी आलं म्हणाल, तर शासन निर्णय शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय. शाखेत परिपत्रकं येतात, बहुतेक जण वरवर चाळतात. पीक कर्जाच्या व्याज सवलतीचं काही अडलं की आता मॅनेजरसाहेबही माझ्याकडे येतात. जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा झाली आहे, अधिकारीपदाच्या बढतीची तयारी चालू आहे. आणि हो, लग्न झालं, मी ठरवलं तेव्हा.

*

मी उमेदवाराचा बाप. औसा तालुक्यात शेती आहे.

मुलगा चार वर्षं पुण्याला होता. सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षीही मी पैसे वेळेवर पाठवले, उसने घेऊन. त्याला कळू दिलं नाही. एकदा न सांगता त्याच्या खोलीवर गेलो, तर कळालं की पोरगं मेसला एकाच वेळचं जेवतंय. ते माझे पैसे वाचवत होतं आणि मी त्याच्यापासून कर्ज लपवत होतो. त्या रात्री त्याच्या कॉटवर बसून दोघांनी सगळा खर्च एका कागदावर लिहिला. मी म्हटलं, परत चल असं म्हणत नाही, पण इथून पुढं एकमेकांला खरं सांगायचं.

त्यानं अजून दीड वर्ष दिलं आणि स्वतःहून परत आला. आता तालुक्याला आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, कुठला कागद कुठं अडतो ते त्याला पाठ आहे. आईबापांना एकच सांगतो, पोराला 'निकाल कधी' विचारण्याआधी 'जेवलास का' विचारा.

*

मी पीएसआय झालो, चौथ्या प्रयत्नात. मुदत तीनचीच ठरवली होती. तिसऱ्या वेळी मुख्य पास झालो आणि मैदानी चाचणीच्या आधी पाय मुरगळला. कशामुळे गेलं ते माहीत होतं, दुरुस्त होण्यासारखंही होतं, म्हणून एक वर्ष वाढवलं. कारणच सापडत नसतं, तर वाढवलं नसतं.

माझ्या बाजूच्या टेबलावर बसणारे दोघे माझ्यापेक्षा हुशार होते. कटऑफने त्यांना वर्षानुवर्षं काठावर ठेवलं. जागा शेकड्यांत आणि बसणारे लाखांत असले की चांगली मुलं बाहेर राहणारच. सत्काराला बोलावतात तेव्हा 'मेहनत केली की होतंच' असं बोलायची अपेक्षा असते. मी ते बोलत नाही. समोर बसलेल्या ज्यांचं झालं नाही, त्यांनी मेहनत केली नाही असा त्याचा अर्थ होतो.

*

मेकॅनिकल इंजिनिअर, चाकण. बायोडेटात पाच वर्षांचा खड्डा होता. आधी तो लपवायचो, मुलाखतीत अडखळायचो. मग सरळ लिहिलं : राज्यसेवेची तयारी, दोनदा मुख्य परीक्षा. तिसऱ्याच ठिकाणी घेतलं, फ्रेशरच्या पगारावर. वरिष्ठ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. पहिलं वर्ष जड गेलं, पण काम त्याच्याकडूनच शिकलो. एका गोष्टीची हळहळ राहिली : त्या पाच वर्षांत रोज तासभर ड्रॉइंग किंवा एक्सेलला दिला असता, तर राज्यसेवेचं काही बिघडलं नसतं. भाच्याला हे नक्की सांगा.

*

घरी सांगायचं धाडस मी वर्षभर गोळा करत होतो. शेवटी आई मेथी निवडत होती, तिच्या शेजारी बसून म्हटलं, "आता नाही देणार परीक्षा." ती म्हणाली, "बरं. मग आज लवकर झोप."

*

सगळ्यांचे आभार. भाच्याला सगळं वाचायला पाठवलं होतं. आत्ता त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय : चार वर्षांचे मार्क, खाली महिन्याचा खर्च. चौथ्या वर्षाचा आकडा तिसऱ्यापेक्षा अकराने जास्त आहे, पण गणितात दर वर्षी तिथेच अडकलाय. रात्री नऊला फोनवर दोघं मिळून बघणार आहोत. कुणाला अजून लिहायचं असेल तर त्याआधी लिहा.